ब्रेक मोठे बसवले, तरी गाडी लांब जाऊन का थांबते?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे १९९१ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनाची, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. त्यांनी पुढच्या चाकांना २८० मिमीच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) बसवले. मागचे ब्रेक कंपनीचेच आहेत. आता जोरात ब्रेक मारला की पुढची चाकं लगेच जाम होतात, पेडल पूर्वीपेक्षा खोल जातं आणि गाडी आधीपेक्षा लांब जाऊन थांबते असं त्यांना वाटतं. एका गॅरेजवाल्याने मागच्या लाइनमध्ये ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारी झडप) टाकायला सांगितलं आहे. तो टाकावा का?

टाकू नका, निदान आत्ता तरी. तुमचं दुखणं त्या व्हॉल्व्हने बरं होणार नाही, उलट वाढेल. आणि गाडी लांब जाऊन थांबते हा तुमचा भास नाही, ते खरंच घडतंय. आधी थोडं गणित करू, कारण ब्रेकच्या कामात गणित सोडून घेतलेला प्रत्येक निर्णय पैसे आणि रबर दोन्ही जाळतो.

ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. टायरची रस्त्यावर पकड किती, तर त्याच्यावर वजन किती त्या प्रमाणात. तुमची गाडी ड्रायव्हरसकट साधारण १,०५० किलो धरू. उभी असताना त्यातलं ५२ टक्के पुढे आणि ४८ टक्के मागे, म्हणजे ५४६ आणि ५०४ किलो. दोन्ही आसांमधलं अंतर २,२६५ मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेमी धरा. आता ०.९ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट मंदावत, ब्रेक लावला की गाडी नाकावर झुकते आणि सुमारे १८८ किलो वजन मागून पुढे सरकतं. पुढे ७३४, मागे ३१६. म्हणजे त्या क्षणी ब्रेकची ताकदही ७०:३० अशीच वाटली गेली पाहिजे, तरच चारही टायर आपला पूर्ण वाटा उचलतात. खूप निसरड्या रस्त्यावर ०.३ जीच्या वर जाता येत नसेल, तर वजन तितकं सरकत नाही आणि योग्य वाटणी ५८:४२ होते. म्हणजे "बरोबर वाटणी" असा एकच आकडा नसतो. पकड बदलली की तो आकडा बदलतो, आणि ब्रेक बनवणाऱ्याची सगळी कसरत याच बदलत्या आकड्यामागे असते.

आता ब्रेककडून येणारी वाटणी बघू. एका चाकावर ब्रेकचा पीळ (टॉर्क) ठरतो तो चार गोष्टींवरून: तेलाचा दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅड डिस्कला जिथे पकडतं तिथली त्रिज्या आणि पॅडचं घर्षण. माझ्याकडच्या १.६ गाडीचे कॅलिपर उघडले तेव्हा व्हर्नियरवर पुढचा पिस्टन ५१ मिमी आणि मागचा ३२ मिमी भरला. क्षेत्रफळं २०.४ आणि ८ चौरस सेमी. कंपनीच्या डिस्क पुढे २३५ आणि मागे २३१ मिमीच्या, म्हणजे त्रिज्या जवळपास सारखीच. पॅड एकाच जातीचे असले तर पुढचं-मागचं गुणोत्तर साधारण २.५ येतं, म्हणजे ७१:२९. वरच्या ७०:३० शेजारी हे ठेवून बघा. १९८९मध्ये ही गाडी आणणाऱ्यांनी किती बारकाईने काम केलं होतं ते यातच दिसतं. जोरात ब्रेक लागला की कंपनीने मागच्या लाइनमध्ये बसवलेला मूळ व्हॉल्व्ह मागचा दाब आणखी थोडा अडवतो, म्हणून प्रत्यक्ष वाटणी समजा ७६:२४ होते. एवढी सवलत मुद्दाम ठेवलेली असते, कारण मागची चाकं पुढच्यांच्या आधी कधीही जाम होता कामा नयेत. पुढची जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी जाम झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि हे सावरण्याइतका वेळ ड्रायव्हरला मिळत नाही.

आता तुमचं किट. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये हिशेबाला एकाच बाजूचे दोन पिस्टन धरायचे. तुमचे पिस्टन ४४.५ मिमीचे असतील, तर ते क्षेत्रफळ ३१ चौरस सेमी होतं, मूळच्या दीडपट. डिस्क मोठी झाल्यामुळे त्रिज्या सव्वापट. दोन्ही गुणले की पुढचा ब्रेक मूळच्या १.९ पट. मागे काहीच बदललं नाही. वाटणी झाली ८३:१७, आणि तीही मूळ व्हॉल्व्हचा हिशेब न धरता.

याचा रस्त्यावर अर्थ काय? चांगल्या टायरची पकड १ धरली, तर ७६:२४ वाटणीत पुढची चाकं ०.९३ जीला जाम होतात. ताशी १०० किमीवरून थांबायला सुमारे ४२ मीटर लागतात. ८३:१७ वाटणीत पुढची चाकं ०.८२ जीलाच जाम होतात, आणि थांबायला ४८ मीटर लागतात. मागचे टायर अर्धे रिकामे बसून असतात. इतका खर्च करून गाडी पाच-सहा मीटर पुढे गेली. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबणं आणि पलीकडे थांबणं यात एवढंच अंतर असतं.

म्हणून त्या गॅरेजवाल्याचा सल्ला तुमच्या गाडीला लागू होत नाही. ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह दाब वाढवू शकत नाही, तो फक्त कमी करू शकतो, आणि तो मागच्या लाइनमध्ये बसतो. तुमच्याकडे मागे आधीच दुष्काळ आहे. त्या व्हॉल्व्हचं आतलं काम साधं असतं: एक छोटा पिस्टन आणि एक स्प्रिंग. ठरावीक दाबापर्यंत पुढे जितका दाब, तितकाच मागे. त्या दाबानंतर (या बिंदूला मोड म्हणू) मात्र पुढे दहा वाढले तर मागे चार-पाचच वाढतात. नॉब फिरवून तुम्ही स्प्रिंग दाबता किंवा सैल करता, म्हणजे तो मोड उशिरा आणता किंवा लवकर. मोडानंतरचा उतार मात्र ठरलेला असतो. ज्याच्याकडे मागचा ब्रेक जास्त आहे, त्याच्यासाठी ही वस्तू उत्तम. आणि कधी बसवलाच तर आधी मूळ व्हॉल्व्ह काढून त्या जागी सरळ जोड द्या. एकामागे एक दोन व्हॉल्व्ह ठेवले की दोन मोड तयार होतात, आणि कुठल्या दाबाला काय होतंय ते कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या लाइनमध्ये तर तो कधीच टाकू नका.

मग तुम्ही काय करावं? माझ्या मते पुढचे कॅलिपर बदला. डिस्क तीच राहू द्या, पण पिस्टन ३५ मिमीचे घ्या. बरेच कॅलिपरवाले एकाच आकाराच्या बॉडीत तीन-चार व्यासांचे पिस्टन देतात, त्यामुळे ब्रॅकेट आणि पॅड तेच राहण्याची शक्यता मोठी आहे. ३५ मिमीच्या दोन पिस्टनचं क्षेत्रफळ १९.२ चौरस सेमी होतं, म्हणजे कंपनीच्या एका पिस्टनपेक्षाही किंचित कमी. पुढचा ब्रेक मूळच्या १.१८ पट होतो आणि मूळ व्हॉल्व्ह काढला तर वाटणी ७५:२५ येते. पुढची चाकं ०.९४ जीला जाम होतील, १०० वरून ४२ मीटरच्या थोडं आत थांबाल. अंतरात मोठी कमाई दिसत नाही ना? बरोबर आहे, कारण ती कमाई टायरमधून येते. मोठ्या डिस्कने जे मिळतं ते वेगळंच आहे, त्याकडे येतोच. पुढचे कॅलिपर बदलायचे नसतील, तर मागे २७६ मिमीच्या डिस्क आणि पुढच्यापेक्षा जास्त घर्षणाचे पॅड लावून ७७:२३पर्यंत येता येईल. मला तो मार्ग फारसा आवडत नाही, कारण मग अख्खी वाटणी पॅडच्या निवडीवर टांगलेली राहते.

पेडल खोल का जातं, तेही याच हिशेबात आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ दीडपट, म्हणून पुढे तेलही दीडपट ढकलावं लागतं. लोक यावर मोठा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा) बसवतात. २२.२ मिमीऐवजी २३.८ मिमीचा लावला तर तेल १५ टक्के जास्त सरकतं, पण त्याच पायाला दाब १३ टक्के कमी मिळतो. पेडल वर आणि कडक येतं. पुढची-मागची वाटणी मात्र त्याने तसूभरही बदलत नाही, कारण दोन्हीकडचा दाब एकत्रच बदलतो. ३५ मिमीचे पिस्टन आले की तुमचा मूळ मास्टरच पुरेल. तीस वर्षांच्या रबरी नळ्या अजून असतील, तर त्या मात्र आजच बदला. त्या दाबाखाली फुगतात तर खऱ्याच, पण कधीकधी आतून सुजतात. मग तेल जातं, परत येत नाही, आणि ब्रेक घासत राहतो.

आता पॅड. इथे मी स्वतः मार खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी मी ट्रॅकवर जायचं म्हणून पुढे रेसचे पॅड टाकले. मागचे चांगले होते, म्हणून साधेच ठेवले. मागचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. नोव्हेंबरची सकाळ, रस्ता ओला, घरापासून दोन किलोमीटरवरचा राउंडअबाउट. उजवीकडून व्हॅन आली, मी पेडल दाबलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही, म्हणून आणखी दाबलं, आणि मागचा भाग असा सुटला की मी ज्या रस्त्याने आलो होतो त्याच रस्त्याकडे तोंड करून थांबलो. कुणाला लागलं नाही. घरी येऊन हिशेब मांडला. रेसचं पॅड थंड असताना त्याचं घर्षण ०.२५ धरा, साध्याचं ०.४०. गुणोत्तर २.५वरून १.५६वर आलं, वाटणी ६१:३९. म्हणजे ०.४५ जीच्या पुढे मागची चाकं आधी जाम होणार. ओल्या रस्त्यावर ०.५-०.६ जीची पकड असते. मी नेमका त्याच फटीत सापडलो होतो. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: पुढे आणि मागे एकाच कंपाउंडचे पॅड, एकाच वेळी. रस्त्यासाठी रस्त्याचे, ट्रॅकच्या दिवशी तिथे जाऊन चारही बदलायचे.

मागच्या कॅलिपरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या गाडीचा निम्मा आजार तिथे असतो आणि लोक पुढे पैसे ओततात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांत आणि हँडब्रेकच्या लिव्हरमध्ये शिरतं. पिना अडकल्या की एकच पॅड काम करतं. एका मित्राच्या गाडीचा एमओटीच्या (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीच्या) रोलरवरचा, म्हणजे चाकं फिरवून ब्रेकची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद मी पाहिला होता: मागचं डावं चाक १४०, उजवं ६०. एकाच आसावर ३० टक्क्यांहून जास्त फरक असला की गाडी नापास होते. ती झालीच. तोही पुढचे मोठे ब्रेक बघत होता. आम्ही पिना काढल्या, पितळी ब्रशने घासल्या, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं पेट्रोलियम ग्रीस इथे लावू नका, रबर फुगून पिना पुन्हा अडकतात. मग ॲडजस्टर. या गाडीच्या मागच्या कॅलिपरला मागून एक बोल्ट असतो, तो काढला की आत ४ मिमीची ॲलन की बसते. आधी हँडब्रेकची केबल सैल करायची. मग की घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत जायची. हाताला आधी सैलपणा लागतो, मग पॅड डिस्कला टेकल्याचा जडपणा येतो आणि चाक हाताने फिरेनासं होतं. तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. चाक फिरवून पाहायचं, कागद घासल्यासारखा बारीक आवाज आला तर चालेल. दोन्ही बाजू अशा लावल्या की मगच केबल ताणायची. बरेच जण उलटं करतात, ॲडजस्टरचा सैलपणा केबलने भरून काढतात. मग लिव्हर पूर्ण मागे जात नाही आणि ब्रेक तापत राहतो. त्या मित्राला पुढचे ब्रेक लागलेच नाहीत.

तुमच्या गाडीचंही आधी हेच करा. तुमचे ८३:१७ हे मागचे कॅलिपर नीट चालतात असं धरून आहेत. ते अडकले असतील तर आकडा आणखी वाईट असेल.

मग मोठ्या डिस्कचा उपयोग काय? उष्णता. १,०५० किलोची गाडी ताशी १६० किमीवरून थांबवली की सुमारे १,०३७ किलोज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये जाते. त्यातली ७० टक्के पुढे. पुढची डिस्क ५ किलोची धरली तर एकाच दणक्यात तिचं तापमान जवळपास १४५ अंशांनी वाढतं. रस्त्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत ती निवते. ट्रॅकवर चाळीस सेकंदांनी पुढचं वळण येतं. बोरघाट उतरणाऱ्या ट्रकच्या मागे लायनर जळाल्याचा जो वास येतो, तोच वास इथे पाचव्या-सहाव्या लॅपला येतो. जड डिस्क ही उष्णता सामावून घेते, म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्याला ती हवीच. फक्त रस्त्यावर चालवणाऱ्याला मी १९९४नंतरच्या १.८ गाडीच्या डिस्क सुचवतो: पुढे २५५, मागे २५१ मिमी. कॅलिपर कंपनीचेच राहतात, ब्रॅकेट आणि डिस्क बदलतात, १४ इंची चाकंही चालतात. आणि पुढची-मागची त्रिज्या सारखीच वाढत असल्यामुळे वाटणी जिथल्या तिथे राहते. इतका शहाणा आणि स्वस्त बदल या गाडीसाठी दुसरा नाही.

ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष नको. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत उतरते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला लागतं. दर दोन वर्षांनी बदला, ट्रॅकवर जात असाल तर दरवर्षी. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. डॉट ५.१ वेगळं आहे, ते चालतं.

सगळं बसवून झाल्यावर चाचणी. रोलरचा कागद डाव्या-उजव्या फरकासाठी उत्तम, पण रोलरवर वजन पुढे सरकत नाही, म्हणून पुढची-मागची वाटणी त्यावरून ठरवू नका. ती मोकळ्या खासगी धावपट्टीवर ठरवायची. पॅड आधी नीट बसवून घ्या, थोडे गरम करा. डांबर कोरडं हवं, टायर तुमच्याकडचे सगळ्यात चांगले, टाकी जवळपास रिकामी, शेजारची सीट रिकामी. हे सगळं यासाठी, की मागचा भाग सगळ्यात हलका आणि पकड सगळ्यात जास्त असताना मागची चाकं आधी जाम होण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो. तिथे गाडी सुरक्षित ठरली तर ओल्यातही ठरते. बाजूला एक माणूस मोबाइलवर चित्रण करत उभा राहू द्या, कारण कुठलं चाक आधी थांबलं ते आतून कळत नाही. ताशी ५० किमीपासून सुरुवात करा, मग ८०. आधी क्लच दाबून, मग गिअरमध्ये ठेवून. मागच्या चाकांना इंजिनाचाही ब्रेक लागतो, खालचा गिअर टाकताना विशेष, त्यामुळे दोन्ही बघायला हवं. पुढची चाकं किंचित आधी जाम झाली पाहिजेत, प्रत्येक वेळी. एकदाही मागची आधी झाली तर तिथेच थांबा. ३५ मिमी पिस्टननंतर असं झालं, तर मात्र तो ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह खरंच कामाचा आहे. नॉब एका वेळी अर्धा फेरा फिरवा, जागा सापडली की रंगाच्या ठिपक्याने खूण करा. पुढे टायर किंवा पॅड बदलले की ही चाचणी पुन्हा.

हे बदल विमा कंपनीला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये न कळवलेल्या बदलावरून दावा अडकू शकतो.

तुमच्या कॅलिपरचे पिस्टन ४४.५ मिमीचे आहेत हे मी वर्णनावरून धरलं आहे. पॅड काढून व्हर्नियरने मोजा, बॉडीवर कोरलेला नंबरही लिहून घ्या, आणि मागच्या दोन्ही चाकांचे रोलरचे आकडे त्यासोबत पाठवा. त्यावरून तुमच्या गाडीचा नेमका आकडा काढून देतो.